थेरपीच्या संशोधन गटात कोण काय करतं, आणि सहायकाची जागा घ्यावी का

प्रश्न असा आला आहे: "ताई, मी बडोद्यात मानसशास्त्र घेऊन एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी मराठी, बाहेर गुजराती. एका विद्यापीठाच्या सायकोथेरपी संशोधन गटात प्रकल्प सहायकाची जागा निघाली आहे. जाहिरातीत 'सत्रांचं लेखन, रेटिंग आणि सहभागींचा पाठपुरावा' एवढंच काम लिहिलंय. बाबा म्हणतात, ही कारकुनी आहे, त्यापेक्षा बी.एड. कर. अशा गटात नेमकं कोण काय करतं? मला थेरपी करायला मिळेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. थेरपी करायला मिळणार नाही. आणि रुजू झाल्या झाल्या, कसलंही प्रशिक्षण न देता कोणी तुला पेशंटसमोर बसवत असेल, तर त्या गटात जाऊ नकोस. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. सहायकाच्या नोकरीने ती वाट चुकवता येत नाही.

पण "कारकुनी" हे मला मान्य नाही. मी करेलीबागेत प्रॅक्टिस करते. अशा प्रकल्पांत आधी थेरपिस्ट म्हणून आणि पुढे सुपरव्हायझर म्हणून बरीच वर्षं काम केलंय. माझं मत पक्कं आहे: थेरपीच्या संशोधनाचा खरेखोटेपणा ठरतो तो तुझ्या जाहिरातीतल्या तीन कामांत. प्रमुखाचं नाव कितीही मोठं असो, ही तीन कामं ढिली असतील तर शेवटी छापून येणारा आकडा पोकळ असतो.

यामागे थोडा इतिहास आहे. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी समुपदेशनाची सत्रं तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. तोवर सत्रात काय घडलं हे कळायचं ते फक्त समुपदेशकाच्या टिपणांवरून. बर्नार्ड कोव्हनर या विद्यार्थ्याने ती टिपणं ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिली, तेव्हा बोलण्याचा बराच मोठा भाग टिपणांत उतरलेलाच नव्हता असं दिसलं. समुपदेशक खोटं लिहीत नव्हते. ज्याला जे महत्त्वाचं वाटलं तेच त्याच्या लक्षात राहिलं होतं. खोलीत नसलेल्या तिसऱ्या माणसाने ऐकणं, या शास्त्राची पायाभरणी तिथे झाली. तू अर्ज करते आहेस ती जागा त्या तिसऱ्या माणसाची आहे.

पुढे १९५२मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी जाहीरच करून टाकलं की मज्जाविकृतीचे (म्हणजे चिंता, भीती अशा मानसिक त्रासांचे) दोन तृतीयांश रुग्ण थेरपीशिवायही दोनेक वर्षांत सुधारतात, मग थेरपीचा उपयोग सिद्ध कुठे झाला? त्यांच्या आकडेमोडीवर पुष्कळ टीका झाली, ती रास्तही होती, पण सगळं क्षेत्र खडबडून जागं झालं. १९७७मध्ये मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून दाखवलं की थेरपी घेतलेली सरासरी व्यक्ती, थेरपी न घेतलेल्यांपैकी साधारण ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असते. त्या ३७५ अभ्यासांमागे फोन करणारे, फॉर्म तपासणारे, टेप ऐकणारे किती हात असतील याचा विचार कर. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

आता गटातली माणसं.

प्रमुख संशोधकाबद्दल फार लिहीत नाही. निधी आणणं, नीतिसमितीपुढे उभं राहणं, उपचारांची चाचणी असेल तर २००७पासून चालू असलेल्या आपल्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत ती पहिला सहभागी घेण्याआधी नोंदवणं, आणि काही बिघडलं तर जबाबदारी अंगावर घेणं. संख्याशास्त्रज्ञ बहुधा दुसऱ्या विभागातला असतो, आठवड्यातून थोडा वेळ देतो. सहभागींपैकी कोणाला थेरपीच्या गटात आणि कोणाला तुलनेच्या गटात टाकायचं याची यादी तो तयार करतो आणि ती थेरपिस्टपासून लांब ठेवतो. ते फार गरजेचं आहे. पुढचा नंबर कुठल्या गटाचा आहे हे आधी कळलं, तर "ही बाई बिचारी फार त्रासात आहे, हिला थेरपीतच घेऊ या" असा मोह भल्याभल्यांना होतो, आणि मग दोन्ही गट सारखे राहत नाहीत.

थेरपिस्टबद्दल मात्र जरा सांगायला हवं, कारण तुझं काम त्यांच्या कामावर उभं असतं. एरवी थेरपिस्ट बंद दाराआड काम करतो. संशोधनात त्याचं प्रत्येक वाक्य रेकॉर्ड होतं आणि दुसरं कोणी तरी त्याला गुण देतं. हे सोसायला मन घट्ट लागतं. वर्षानुवर्षं प्रॅक्टिस केलेल्या माणसाला आपल्या सत्राचे गुण कमी आले हे ऐकणं जड जातं. संशोधनात असंही दिसलंय की परिणामांतल्या फरकाचा साधारण ५ ते ८ टक्के वाटा थेरपिस्ट कोण होता यावर अवलंबून असतो. ऐकायला हे थोडं वाटेल, पण एकाच पद्धतीचं, एकाच मॅन्युअलचं (उपचाराच्या ठरलेल्या पुस्तिकेचं) प्रशिक्षण घेतलेल्यांतही हा फरक उरतो. म्हणून चांगल्या गटात सुपरव्हायझर दर आठवड्याला थेरपिस्टसोबत बसून टेप ऐकतो. तुम्ही लिहून काढलेल्या सत्रांची प्रत त्या बैठकीत मधोमध ठेवलेली असते.

गोव्यात 'संगत' संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांबरोबर केलेलं काम यासाठी वाचण्यासारखं आहे. नैराश्यासाठीचा सहा ते आठ सत्रांचा उपचार तिथे डॉक्टरांनी किंवा मानसशास्त्रज्ञांनी नाही, तर खास प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत दिला. ४९५ जणांची ती चाचणी २०१७मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यातली एक गोष्ट: ते समुपदेशक गटाने बसून एकमेकांची ध्वनिमुद्रित सत्रं ऐकत आणि ठरवलेल्या निकषांवर गुण देत. ऐकण्याची तालीम हाच त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग होता. तू अर्ज करते आहेस त्या जागेवर तीच तालीम पगार घेऊन मिळते. बाबांना हे सांग.

आता ऐकायचं म्हणजे काय, ते जवळून दाखवते. खालचा तुकडा मी रचलेला आहे, कुठल्याही खऱ्या पेशंटचा नाही.

थेरपिस्ट: मग त्या दिवशी झोप लागली का?
सहभागी: लागली ना. (चार सेकंद शांतता) पछी बारा वाजता उठून सगळी भांडी घासली.
थेरपिस्ट: अच्छा. आणि गोळ्या चालू आहेत ना?

नवखी व्यक्ती हे लिहिताना तीन गोष्टी करते. शांतता गाळते. "पछी" खोडून "नंतर" लिहिते, कारण ते शुद्ध मराठी वाटत नाही. आणि "लागली ना" पुढे पूर्णविराम देऊन मोकळी होते. झालं, सत्राचा जीवच गेला. "लागली ना" म्हणणारी बाई मध्यरात्री उठून भांडी घासत होती, म्हणजे झोप लागलेली नव्हती. त्या चार सेकंदांत ती ठरवत होती की खरं सांगू का. तिने सांगितलं, आणि थेरपिस्ट गोळ्यांकडे वळला. रेटिंग करणाऱ्याने नेमकं हेच टिपायचं असतं: पेशंटने दार किलकिलं केलं आणि थेरपिस्ट आत गेला नाही. मॅन्युअलमधले सगळे मुद्दे त्याने त्या सत्रात घेतले असतील, तरी या जागी गुण कमी पडायला हवेत.

असं लिहायला वेळ लागतो. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला चार ते सहा तास सहज जातात, आणि दोन माणसं एकाच वेळी बोलत असतील किंवा बाहेर रिक्षांचा गोंगाट असेल तर त्याहूनही जास्त. यंत्राने आपोआप लिहून देणारी साधनं आता आहेत, ती वापरावीत, पण बडोद्याच्या मराठीपुढे ती अडखळतात. आपल्याकडे एका वाक्याची सुरुवात मराठीत होते, मधे गुजराती येते आणि शेवटी हिंदी क्रियापद बसतं. भाषा कुठे बदलली हेही नोंदवायचं असतं. माहेरचं मराठीत सांगणारी एखादी बाई सासऱ्यांच्या दुकानाचा विषय निघाला की गुजरातीत शिरते, तेव्हा ते थेरपिस्टला कळायला हवं. घरी मराठी आणि बाहेर गुजराती हे तू सहज लिहून गेलीस. पुण्याहून किंवा अहमदाबादहून आलेल्या अर्जदाराकडे ते नसेल. मुलाखतीत ते ठासून सांग.

रेटिंग कधीच एकटीने करायचं नसतं. दोघंजण एकच सत्र वेगवेगळं ऐकतात, आपापले गुण देतात, मग ते ताडून पाहतात. निव्वळ योगायोगानेही काही गुण जुळतातच, म्हणून तेवढं वजा करून खरी सहमती किती हे काढायचं, त्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६०मध्ये दिलेला 'कप्पा' (kappa) हा निर्देशांक आजही वापरतात. पेशंट आणि थेरपिस्ट यांचं जुळलंय का, यासाठी एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९मध्ये तीन बाजू मांडल्या: दोघांमधला जिव्हाळा, कशासाठी काम करायचं यावर एकमत आणि ते कसं करायचं यावर एकमत. त्यावरून १९८९मध्ये हॉर्व्हाथ आणि ग्रीनबर्ग यांनी ३६ प्रश्नांची प्रश्नावली केली. ती तुला बहुतेक पहिल्याच आठवड्यात भेटेल. यातला जिव्हाळा टेपवरून ओळखणं सोपं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. आपल्याकडे पेशंट डॉक्टरांपुढे मान डोलावतात. "हो मॅडम, करते मॅडम" हे ऐकून गुण वाढवायचे नाहीत. पुढच्या सत्रात तिने ते केलं का, केलं नसेल तर तसं सांगायची तिला मोकळीक वाटली का, ते ऐकायचं.

गुणांवरून वाद होतात आणि व्हायलाच हवेत. कनिष्ठ सहायकाने पाच दिले, वरिष्ठाने तीन दिले, आणि चर्चा न होताच तीन लिहिले गेले, तर त्या गटातल्या सहमतीच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. काही महिन्यांनी दोघांच्याही हाताला सवयीचे गुण बसतात आणि दोघंही एकाच दिशेने घसरतात, सहमती मात्र छान दिसत राहते. म्हणून आधी पक्के गुण ठरवलेली सत्रं अधूनमधून पुन्हा ऐकायला द्यावी लागतात.

आता बडोद्याचा खास मुद्दा. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत तो सापडणार नाही. आपला मराठी समाज इथे मोठा असला तरी एकमेकांत गुंतलेला आहे. दांडिया बाजार, रावपुरा, नवे लोक वाघोडिया रोडला, पण गणपतीत आणि लग्नात सगळे भेटतात. कोणाची सून कुठे नोकरीला आहे हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे टेपवरचा आवाज ओळखीचा निघण्याची शक्यता तुझ्या बाबतीत खरी आहे. असं झालं की पहिल्या काही सेकंदांतच थांबायचं, टेप परत करायची, नोंदवहीत "ओळखीमुळे बदल" एवढंच लिहायचं आणि ओळख काय हे कोणालाही, सुपरव्हायझरलाही, सांगायचं नाही. पुढचं ऐकायचं नाही. उत्सुकतेने तर नाहीच, "तिला मदत होईल" म्हणूनही नाही.

नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली, असंही समजू नकोस. "मिस्टर विद्यापीठात लायब्ररीत, सासूबाई भजनी मंडळ चालवतात आणि आम्ही सूरसागरच्या बाजूला राहतो" या वाक्यात एकही नाव नाही, तरी आपल्यातल्या निम्म्या लोकांना घर सापडेल. असे तपशील बदलायचे की गाळायचे याचा निर्णय लिहिणारीलाच सगळ्यात आधी घ्यावा लागतो, कारण बाकी कोणी ते इतक्या बारकाईने वाचत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चा आहे आणि त्यात गोपनीयता हा पेशंटचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. पण कायदा टेपपर्यंत पोचतो तो तुझ्या हातून.

पाठपुराव्याचे फोन हे सगळ्यात कमी प्रतिष्ठेचं आणि माझ्या मते सगळ्यात अवघड काम. त्याचं कारण समजून घे. थेरपी अर्धवट सोडून गेलेले लोक मोजणीतून गळले, तर उरतात ते बहुधा बरं वाटणारे, आणि उपचार आहे त्याहून गुणकारी दिसतो. म्हणून सोडून गेलेल्यालाही ठरलेल्या महिन्यात फोन करायचा, त्याची प्रश्नावली भरून घ्यायची, आणि त्याला ज्या गटात टाकलं होतं त्याच गटात मोजायचं. हे "नको" ऐकण्याचं काम आहे.

आणि फोन घरी लागतो. मोबाइल तिचा असला तरी उचलतात सासूबाई. "कोण बोलतंय? कुठून?" इथे काय बोलायचं हे त्या क्षणी सुचत नाही. संमतिपत्र भरतानाच सहभागीला विचारून ठेवायचं असतं: दुसऱ्या कोणी फोन उचलला तर मी काय सांगू, कुठल्या वेळी करू, मेसेज ठेवला तर चालेल का. कोणी म्हणते, "मैत्रीण म्हणा." कोणी म्हणते, "ठेवूनच द्या." ते तिच्याच शब्दांत फॉर्मवर लिहायचं आणि तसंच वागायचं. थेरपी, दवाखाना, मानसशास्त्र यातलं काहीही तिच्या परवानगीशिवाय त्या घरात उच्चारायचं नाही.

मोजमाप करणाऱ्याला सहभागी कुठल्या गटात आहे ते माहीत नसावं असा नियम असतो. पण लोक बोलून जातात: "त्या मॅडमनी सांगितलेला श्वासाचा व्यायाम करते हं मी." मग तसं नोंदवायचं आणि पुढचं मोजमाप दुसऱ्या सहकाऱ्याला द्यायचं. दडवायचं नाही. दडवलं तर कोणालाच कळणार नाही, आणि म्हणूनच ते प्रामाणिक माणसाचं काम आहे.

आणखी एक. नैराश्य मोजायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतात. नऊ प्रश्न, गुण ० ते २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. कागद गठ्ठ्यात ठेवण्याआधी तो प्रश्न आधी पाहायचा. तिथे शून्याशिवाय दुसरा आकडा असेल तर एकूण गुण कितीही कमी असोत, सहभागी जाण्याआधी जबाबदार क्लिनिशियनला बोलवायचं. फोनवर असेल तर तिला लाइनवर ठेवून दुसऱ्या फोनवरून क्लिनिशियनला लावायचा. काय विचारायचं, रात्री कोणाला गाठायचं, सयाजीराव रुग्णालयात कोणाशी बोलायचं, हे आधीच लिहून टेबलावर लावलेलं असावं. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ हीसुद्धा त्या कागदावर हवी, पण तो नंबर देऊन आपण सुटलो असं होत नाही. आकडे महिनाअखेरीला एकदम कॉम्प्युटरमध्ये भरणारा गट मला धोक्याचा वाटतो, याचं कारण हा नववा प्रश्न आहे.

या सगळ्याचा मनावर भार येतो. थेरपिस्ट दिवसाला मोजकी सत्रं घेतो. लिहिणारी मुलगी कानात हेडफोन घालून तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकते, आणि तिला उत्तर द्यायची मुभा नसते. हिंसाचाराचं, गेलेल्या मुलाचं, असं काही ऐकल्यावर ती कोणाशी बोलणार? घरी तर सांगता येत नाही. थेरपिस्टला सुपरव्हिजन मिळतं तसं लिहिणाऱ्यांनाही ठरलेल्या वेळी मिळालं पाहिजे. मी ज्या प्रकल्पांवर देखरेख केली तिथे हा आग्रह सोडला नाही. पैसे नाहीत असं सांगण्यात आलं तेव्हाही नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. जागा मिळाली तर घे, पण मुलाखतीत तूही प्रश्न विचार. सत्रं कोण ऐकतं आणि दोघांचे गुण जुळले नाहीत तर काय करता? ओळखीचा आवाज निघाला तर लेखी नियम काय आहे? नवव्या प्रश्नावर गुण आले तर त्या दिवशी कोणाला फोन करायचा? लिहिणाऱ्यांसाठी सुपरव्हिजन कोण घेतं? ज्या गटाचं काम चोख आहे ते लोक असे प्रश्न ऐकून खूश होतात आणि लगेच कागद काढून दाखवतात. "ते नंतर बघू" असं उत्तर आलं तर बी.एड.चा विचार करायला हरकत नाही, बाबाही खूश होतील.

बाबांची नोकरीबद्दलची काळजी मात्र रास्त आहे. प्रकल्पाची नेमणूक निधी असेपर्यंतच असते. पगाराची रक्कम, मुदत आणि सुट्ट्या नेमणूकपत्रात लिहून घे. लेखात नाव येणार की फक्त आभार मानणार, हे सुरुवातीलाच विचार. त्यात संकोचण्यासारखं काही नाही. आणि पुढे क्लिनिकलला जायचं असेल तर पुनर्वास परिषदेच्या मान्यतेच्या अभ्यासक्रमांची प्रवेशपरीक्षा कधी असते ते आत्ताच पाहून ठेव, म्हणजे प्रकल्पाची मुदत आणि परीक्षेची तयारी एकमेकांच्या आड येणार नाहीत.